नावे खाणारी घासणी

एका राज्यात शालिधर राजा राज्य करीत होता. देखणा, शूर, पण थट्टेखोर. एके दिवशी कालजंघ मांत्रिक जेवायला आला, तर राजाने हसत हसत आपलेच खरकटे ताट त्याच्यापुढे सरकवले. काय म्हणावे या माणसाला! मांत्रिकाने पाण्याचा शिंतोडा उडवला आणि राजा पाटावर बसल्या जागी दगड झाला.

चित्रावळ राणीने मांत्रिकाचे पाय धरले. "उःशाप द्या, बाबा."

"मी काढून देतो ती तीन भांडी स्वतःच्या हाताने घास. दिवस मावळायच्या आत शेवटच्या भांड्यावरचे नाव वाच. राजा उठेल." असे म्हणून त्याने तारेची चकचकीत घासणी तिच्या हाती दिली.

पहिली लोखंडी कढई. आजेसासूंच्या काळापासूनची काजळी तिच्यावर. घासणीचा एक फेर, कढई लख्ख! राख नको, काथ्या नको, नखे शाबूत. राणीला हायसे वाटले.

दुसरा चांदीचा पेला, माहेरचा, आईचे नाव कोरलेला. घासणी फिरली. डाग गेले, नावही गेले. राणीला आईचा चेहरा आठवे, अंगाईचा सूर आठवे, नाव काही केल्या आठवेना. दासींना विचारले, तर त्याही ते विसरल्या होत्या. राणी ढसाढसा रडली.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणी, ही घासणी काजळी खाते, तशी अक्षरेही खाते. भांड्यावरून गेलेले नाव जित्या माणसांच्या मनातूनही जाते."

तिसरे तेच खरकटे ताट, वाळून कडक झालेले. खरकट्याखाली राजाचे नाव कोरलेले. मेल्या मांत्रिकाचा कावा राणीला आता कळला. तिने घासणी भिरकावली, पदर खोचला आणि राख-काथ्या घेऊन बसली. पण काथ्याचे काम सावकाशीचे. धागे सुटतात, राख नखांत शिरते, हात भरून येतात. ऊन भिंतीवरून सरकू लागले.

"साळुंके, दिवस चालला गं!"

"तू घास. मी बघते."

साळुंकी उडाली आणि डोंगरावर टेकलेल्या सूर्याला तिने इकडच्या तिकडच्या गप्पांत गुंतवले. सूर्य ऐकत थांबला.

अखेर शेवटचे शीत सुटले. "शालिधर!" राणी ओरडली. उखाण्याबिखाण्यासाठी ती थांबलीच नाही. दगडाच्या पापण्या हलल्या, राजा उठला. त्याने ते ताट पुन्हा स्वतः धुतले आणि मांत्रिकाला पोटभर जेवू घातले. तारेची घासणी कढईपाशी खुंटीला गेली. नाव कोरलेल्या भांड्यांना काथ्याच लावायचा, असे ठरले.

मग राजाने पेला उचलला. "हा हंसावतीबाईंचा ना? नाव कुठे गेले?"

पेला घासला तेव्हा राजा दगड होता, म्हणून नाव त्याच्यापाशी राहिले होते.

"पुन्हा म्हणा," राणी म्हणाली.

"हंसावतीबाई."

राणी रडत रडत ते नाव घोकत राहिली, भांड्यांवर नावे घालणारा कासार दारात येईपर्यंत.