मागं सरकणारा नाच

माळावरच्या एका गावात एक सोंगाड्या राहायचा. नकला करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पाटलाचं खाकरणं, वाण्याचं तागडी मारणं, नव्या जावयाचं लाजणं, सगळं तो असं हुबेहूब करायचा की लोक पोट धरून हसायचे. ज्याची नक्कल व्हायची तोही हसायचा. न हसून करतो काय!

त्या वर्षी गावानं जत्रेला डोंगरातल्या लोकांना पाहुणे म्हणून बोलावलं. कारणही तसंच होतं. आदल्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या, चारा संपला, तेव्हा त्या लोकांनी गावाची गुरं आपल्या रानात ठेवून घेतली होती आणि पाऊस पडल्यावर एकूण एक जनावर धडधाकट परत धाडलं होतं. अशा माणसांना मानानं बोलवावं, त्यांचा नाच बघावा, असं गावानं ठरवलं.

पाहुणे आले. पुढं एक म्हातारी, तिच्यामागं भोपळ्याचं लांबलचक वाद्य खांद्यावर घेतलेला वाजवणारा आणि मग बाया-बाप्ये. जेवणं झाली, ऊन कललं आणि देवळापुढच्या पटांगणात त्यांचा नाच सुरू झाला.

नाच असा होता: सगळ्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घालायचे, खाली वाकायचं, एक पाऊल पुढं टाकायचं आणि दोन मागं. रांग आपली मागंच सरकत राहायची. भोपळ्याचा एकच घुमता सूर. ना उडी, ना गिरकी, ना शिट्टी मारावी असं काही. गाव ज्वारी-बाजरीचं, त्यात तमाशाच्या ठसक्याला सोकावलेलं. थोड्याच वेळात लोक जांभया देऊ लागले.

"ह्यांचं काय हरवलंय का खाली?" कुणीतरी म्हणालं, आणि बाया पदराआड हसल्या.

ते हसू सोंगाड्याच्या कानावर पडलं. हसू ऐकलं की त्याच्यानं राहवत नसे.

पाहुणे नाच संपवून बसले. आता गावाचा खेळ उभा राहायचा होता. सोंगाड्या पुढं आला तो स्वयंपाकाच्या ढिगातला लाल भोपळा काखेत मारून. कमरेत वाकला, भोपळ्यात फुंकल्यासारखं करत "घूंऽ घूंऽ" करू लागला आणि एक पाऊल पुढं, दोन मागं. मागं सरकता सरकता तो पाटलाच्या मांडीवर जाऊन बसला. मग काय विचारता! पोरं त्याच्यामागं वाकून चालू लागली. हसून हसून पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं. न हसलेला माणूस त्या दिवशी गावात शोधून सापडला नसता.

पाहुणे मात्र एकटक बघत होते. मग म्हातारी उठली आणि पटांगणात आली. हशा जरा ओसरला. आता ही चांगलीच खरडपट्टी काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं सोंगाड्याच्या कमरेला हात घातला आणि आपल्या माणसांना हाक मारली. ती माणसं धावत आली. त्यांनी त्याला रांगेत मधोमध घेतलं, भोपळ्याच्या खऱ्या वाद्यानं सूर धरला, आणि सोंगाड्याला नाचावंच लागलं.

नाच थांबला तेव्हा म्हातारीचे डोळे भरून आले होते.

"लेकरा, तुला आमचा नाच येतो हे आमाला कुठं ठावं!" ती म्हणाली. "लई गावं फिरलो आमी. लोक बघत्यात, जेवाया घालत्यात आन् घरला जात्यात. उठून आमच्यावानी नाचलेला तू पैला. आन् गाव तरी किती खूश झालं तुजं!"

तिनं कमरेची पुरचुंडी सोडली. "हे आमच्या भाताचं बी. जो आमच्या रांगंत नाचला तो आमच्या घरचा. त्याला बियातला वाटा द्यायचा, अशी रीत हाय आमची. घे."

पाटील सोंगाड्याला खुणावत होता: घे, घे, मुकाट्यानं घे. पाटलाचंही चुकत नव्हतं. खरं कळून पाहुणे दुखावले, तर पुढच्या दुष्काळात कुठल्या तोंडानं गुरं घेऊन त्यांच्या दारात जायचं? बी घेतलं की मिटलं. म्हातारी खूश, गावही सुटलं.

सोंगाड्यानं हात पुढं केलासुद्धा. मग त्यानं म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

"आजी, मला तुमचा नाच येत न्हाई," तो म्हणाला. "मी तुमची टिंगल करत हुतो."

म्हातारीला आधी ते उमजेना. मग तिनं गावाकडं बघितलं. एकेका तोंडावरून तिची नजर हळूहळू फिरली.

"मंग ही सगळी मान्सं... त्याच्यापायी हसत हुती?"

पाटलानं मान खाली घातली. बायांनी पदर तोंडाशी घेतले, पण आता हसू लपवायला नव्हे. सोंगाड्याला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं करणाऱ्याला स्वतःचं तोंड कुठं लपवावं ते कळेना.

म्हातारीनं बी पुन्हा पुरचुंडीत बांधलं. "तर हे तुजं न्हाई," ती म्हणाली. "नाच शिकायचा असंल तर भात लावाया ये."

पाहुण्यांनी वाद्य उचललं आणि दिवस बुडायच्या आत डोंगराची वाट धरली. त्यांच्यासाठी शिजवलेलं रात्रीचं जेवण तसंच पडून राहिलं.

भात लावायचे दिवस आले तसा सोंगाड्या घरोघर फिरला. "चला, डोंगरात जाऊ, चार दिवस राबू, माफी मागू," म्हणाला. कुणाची खुरपणी राहिली होती, कुणाचा गुडघा धरला होता, पाटलाकडं सोयरे यायचे होते. हसायला सगळं गाव होतं, माफी मागायला तो एकटा गेला.

तिथं त्याला कुणी टोमणा मारला नाही. उलट न्याहारी दिली, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग हातात रोपांची जुडी देऊन त्याला चिखलात रांगेत उभं केलं. मागं का सरकायचं ते त्याला तिथं कळलं. पुढं जावं तर आत्ताच लावलेलं रोप पायाखाली येतं. संध्याकाळपर्यंत त्याची कंबर अशी धरली की सरळ उभं राहवेना. त्याला आपली नक्कल आठवली आणि कानशिलं तापली.

लावणं संपलं तेव्हा त्यानं म्हातारीचे पाय धरले. "आजी, चुकलो. लई चुकलो."

म्हातारीनं त्याला धरून उठवलं. मग म्हणाली, "आमी तुमचा खेळ बघाया एवढा डोंगर उतरून आलो हुतो, बाबा. तुमी आमचाच दावला. तुमचा बघायचा ऱ्हाऊनच गेला. आता तरी दाव की."

सोंगाड्या बांधावर उभा राहिला. त्यानं आपल्या गावच्या फडाचा गण म्हणायला घेतला, बापाकडून शिकलेला. पहिल्याच ओळीला त्याचा आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला भोपळ्यानं सूर दिला आणि डोंगरातली सगळी माणसं, त्याच्यावर एकदाही न हसता, त्याच्यामागं म्हणू लागली. सोंगाड्या गात होता, पण त्याला मान वर करवत नव्हती.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनी आधी ऐकावं: ज्या नाचात आपण कंबर वाकवली नाही, त्याला हसू नये. पाहुण्याला आपली कला दाखवावी, त्याची टिंगल त्यालाच दाखवू नये.