खराट्याने घासलेली जमीन

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे नीळकंठ नावाचा शिष्य नाडीपरीक्षा शिकत होता. हुशार, पण भारी धास्तावलेला. या रोग्याचं त्या रोग्याला लागेल, या भीतीने तो दिवसातून वीस वेळा रिठा आणि राख लावून हात घाशी. व्हायचं तेच झालं. बोटांची कातडी सोलवटली, भेगा पडल्या, साधं पाणी लागलं तरी आग होऊ लागली. मग आज चंदन, उद्या हळद, परवा लिंबू असे लेप सुरू झाले, तेही आदल्या दिवशीचा लेप खरवडून.

महिन्यावर त्याची परीक्षा आली होती. गुरूंनी मनगट पुढे करायचं आणि शिष्याने नाडी सांगायची, अशी तिथली रीत. इकडे याच्या बोटांना आगीखेरीज काही कळेना. शेवटी तो गुरूंपुढे हात पसरून बसला.

"गुरुजी, एखादा जालीम लेप द्या. नाहीतर माझं शिक्षण संपलं."

वैद्यबुवांनी हात निरखले. ते उठले, खराटा घेतला आणि पडवीची जमीन खसाखसा घासू लागले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ती कालच सारवली होती.

"गुरुजी, अहो, काकू काय म्हणतील?"

"जमीन स्वच्छ करतोय."

सारवणाचे पोपडे निघाले, खालची माती उडाली, औषधाच्या उघड्या खलात धूळ बसली. बुवांनी वर तांब्याभर पाणी ओतलं, तर चिखल झाला. "अजून मळकीच दिसते," म्हणून त्यांनी पुन्हा खराटा उचलला.

नीळकंठाने तो धरला. "थांबा, गुरुजी. घासून काय निघणार? खाली मातीच आहे."

"मग स्वतःच्या हातांवर इतके दिवस काय करत होतास?" बुवा म्हणाले. "त्वचेवर एक सूक्ष्म, स्निग्ध आवरण असतं. ते आतला ओलावा धरतं, बाहेरचं बाहेर ठेवतं. मळ समजून तू तेच काढलंस. आता कुठलाही लेप उघड्या मातीवरच पडणार."

मग त्यांनी स्वतः बसून जमीन सारवली आणि कुणी पाय देऊ नये म्हणून आडवा पाट ठेवला. घटकाभराने पाहतात तो ओल्या सारवणावर बोटाचा ठसा.

"वाळलं का बघत होतो," नीळकंठ ओशाळून म्हणाला.

"तेही तू रोज करतोस. आता रिठा, राख, लेप बंद. कोमट पाण्याने हात धू, टिपून घे, थोडं तूप लाव, मऊ फडकं गुंडाळ. रोग्यांना मी बघतो. तू फडकं उकलून सारखं बघू नकोस."

"आणि परीक्षेपर्यंत बरे झाले नाहीत तर?"

"तर नाही होणार," बुवा शांतपणे म्हणाले.

तो महिना नीळकंठाने कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक. हात सारखे रिठ्याच्या भांड्याकडे जात आणि तो हात काखेत दाबून बसे. हळूहळू आग थांबली, भेगा मिटल्या.

परीक्षेच्या दिवशी गुरूंनी मनगट पुढे केलं. नीळकंठाने तीन बोटं टेकवली.

"गुरुजी, वेग जास्त आहे. धास्ती घेतल्यासारखा."

बुवा हसले. "बरोबर आहे. महिनाभर तुझ्या हातांच्या काळजीने माझी झोप उडाली होती. बोललो असतो, तर तू पुन्हा घासायला बसला असतास."

नीळकंठाने मनगट सोडलं नाही. नाडी संथ होईपर्यंत त्याने बोटं तशीच ठेवली.