हिरूआजीचा नारळ

जरा जपून उतरा, पायरीवर शेवाळ आहे. हा आमचा आजीचा धक्का. पायरीच्या कडेला करवंटीचे तुकडे दिसतात ना? खाडीला दिलेला नारळ दुसऱ्या गावात कोणी परत उचलत नाही. उचलणाऱ्याला खुळ्यात काढतील. आमच्या खारवाडीत मात्र तो उचलावाच लागतो, आणि तोही बाईनेच. याला कारण हिरू खारवीण.

हिरूचा नवरा ऐन तारुण्यात गेला, असे सांगतात. मागे राहिली एक होडी आणि एक लेक, मंजुळा. होडी विकून टाक, असे सगळे म्हणाले. तिने विकली नाही, स्वतःच वल्हवायला लागली. सुकी मासळी घेऊन एकटी घाट चढायची आणि वरून गूळ-मिरची घेऊन उतरायची. परत आली की वाटेतल्या मुलखाच्या गोष्टी सांगायची, तेव्हा पुरुष जाळी विणायचे थांबून ऐकत आणि तिची पाठ वळली की तिला नावे ठेवत. जळायचे मेले, दुसरे काय!

मंजुळेला तिने समोरच्या काठावर, आंबेतळात दिली. निरोप देताना आपले हिरवे लुगडे लेकीच्या हाती ठेवले.

"अडलीस तर काठावरच्या चिंचेला बांध. मी येईन."

पुढच्या आषाढात लुगडे चिंचेवर फडकले. मंजुळेचे दिवस भरले होते. पण पावसाळ्यात होड्या काठावर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हा गावाचा नेम. त्यात उधाण आलेले. गावच्या होड्यांचा म्होरक्या, तांडेल गोविंद, आडवा उभा राहिला.

"नारळ दिल्याबिगर खाडी कोनाला सोडत नाय, हिरू. बुडशील!"

"पोर माझी हाय आनि होडी पन माझी हाय," ती म्हणाली. "खाडीचं नि माझं मी बघीन."

होडीला कोणी हात लावला नाही. तिने ओंडक्यांवरून ती एकटीने पाण्यात ढकलली. मध्यावर पोचली आणि पावसाची अशी सर आली की होडी दिसेनाशी झाली. सर ओसरली तेव्हा खाडी रिकामी होती आणि चिंचेवरचे लुगडेही नव्हते. लोकांनी अर्थ लावला, आई गेली आणि लेकही गेली.

चार दिवसांनी पाऊस उघडल्यावर गाव इथे जमले. खाडीने निदान देह तरी परत द्यावा, म्हणून गोविंदाने हिरूच्या नावाने नारळ सोडला. बायका रडत होत्या. ओहोटीबरोबर नारळ त्या वळणाआड गेला आणि म्हणे, त्याच वळणावरून होडी आली. हिरू वल्हवत होती. समोर मंजुळा बसली होती, तिच्या मांडीवर हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली नात होती, आणि नारळ होडीत होता.

"ह्यो कोनाचा?" हिरूने विचारले.

"तुझ्या नावाचा," गोविंद खाली मान घालून म्हणाला.

"मंग माझाच की!"

तिने तो होडीच्या टोकावर फोडला. पाणी बाळंतिणीला पाजले आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा गोविंदाच्याच हातावर ठेवला.

नात आजीपाशीच वाढली; चालायला आणि वल्हवायला एकदमच शिकली, असे सांगतात. ते थोडे वाढवून सांगत असतील. पण ती सासरी निघाली तेव्हा हिरूआजीने नारळ खाडीत सोडला आणि वल्हे नवरीच्या हातात दिले, हे खरे.

"जा, घेऊन ये. माझे हात आता थकले, बाय. चिंचेवर लुगडं बांधलंस तरी मी यायची नाय. तुझं तू यायचं."

आता पलीकडे पूल झाला आहे. नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी पुलावरून येते. पण आजही आमची मुलगी आधी होडी घेऊन खाडीत जाते, नारळ उचलून आणते आणि मगच गाडीत बसते. वऱ्हाडाला तोवर थांबावे लागते. थांबू देत.

गेल्या वैशाखात माझ्या नातीचे लग्न होते. मी इथेच उभा राहून रडत होतो, लाज कसली. ती नारळ उचलून वळली आणि होडीतूनच ओरडली,

"आबा, रडता कशाला? परत यायची वाट मला ठाऊक आहे!"

आणि तिने होडी धक्क्याला लावली.