आणखी किती हवा?

“अजून किती भरू, उस्ताद?”

“तुला किती वाटतं?”

“टायर दगड झाला पाहिजे. दगड झाला की सायकल पळते.”

दस्तगीर उस्तादांनी पंप त्याच्याच हातात राहू दिला. मृगेंद्र शिंत्र्याने पंपाचे आणखी आठ-दहा दणके मारले. जिल्ह्यातल्या तीन शर्यतींत तो दुसरा आला होता, आणि हे दुसरेपण त्याच्या जिव्हारी लागले होते.

उस्तादांचे सायकलदुकान गडहिंग्लजच्या जुन्या रस्त्यावर होते. नवा रस्ता झाल्यापासून इकडे कुणी फिरकत नसे. डांबर उखडलेले, दुपार सुनसान.

“पुलापर्यंत जाऊन ये,” उस्ताद म्हणाले.

मृगेंद्र गेला आणि आला. दात खिळखिळे झाले होते, पण चेहरा फुलला होता.

“वाऱ्यासारखा गेलो!”

“घड्याळ काय म्हणतं?”

“बारा मिनिटं दहा सेकंद.”

उस्ताद वाकले. त्यांनी व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स...

“अहो, काय करताय!” मृगेंद्रने त्यांचा हात धरला.

उस्तादांनी हात काढला नाही. पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली, मग मागच्या.

“आता जा.”

तो रागारागानेच निघाला. या खेपेला रस्ता मुका वाटला. हादरा नाही, खडखड नाही. आपण रांगतोय असेच त्याला वाटत राहिले. परतला तेव्हा घड्याळ दाखवायची त्याला लाज वाटत होती. मग त्याने पाहिले.

अकरा मिनिटे पस्तीस.

तो पायरीवर बसला.

“पण वेग तर मघाशी वाटत होता...”

“हादरे बसत होते,” उस्ताद म्हणाले. “टायर खड्ड्यागणिक उडत होता. वर जाण्यात गेलेली ताकद पुढं कशी येणार?”



मृगेंद्र रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. पूर्वी पहाटे तो धरून चौघे सरावाला निघत. एक मागे पडला, त्याला हा म्हणाला, तुझ्यापायी माझा वेळ जातो. दुसऱ्यालाही असेच काही बोलला. तिसरा न सांगताच यायचा थांबला. त्याला आता आठ महिने झाले होते.

“उस्ताद, माझ्याबरोबर कुणी येत नाही आता.”

“हं.”

“घाट चढून गेल्यावर मागं वळून बघतो. कुणीच नसतं...”

उस्ताद फडक्याने पंप पुसत राहिले.

मृगेंद्र उठला. आवाज सावरून म्हणाला, “किती हवा ठेवायची तेवढं सांगा. घरी माझा मी भरीन.”

“आकडा नाही. अंगठ्यानं दाबून बघायचं.”

मृगेंद्रने टायरवर अंगठा टेकवला.

उस्तादांनी तो हलकेच बाजूला केला.

“तुझा नाही रे. तुझ्या अंगठ्याला हवा कमीच वाटणार. दुसऱ्याचा लागतो.”