दुंदुभीराजाची मुकी गाडी

कुंभेरीच्या दुंदुभीराजाला गाडी घ्यायची होती, आणि तीन दिवस झाले तरी कुठली ते ठरत नव्हतं! जुनी जीप खोकून खोकून तळ्याकाठी कायमची बसली होती. आता राजवाड्याच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. एक डिझेलची, नवीकोरी, काळीकुळकुळीत. ती सुरू केली की छपरावरची कबुतरं थेट शेजारच्या राज्यात जाऊन बसत. दुसरी हायब्रीड, म्हणजे थोडी बॅटरीवर आणि थोडी पेट्रोलवर चालणारी. एका वैद्यबुवांनी ती चार वर्षं वापरलेली होती. हळू चालवली तर तिचा आवाजच येत नसे.

"डिझेलच घ्या, महाराज!" प्रधानजी हात नाचवत म्हणाले. "राजाची स्वारी कशी कोसभर आधी कळली पाहिजे! आणि ही दुसरी? शी! वापरलेली! महाराजांनी काय लोकांच्या वहाणा घालायच्या?"

सारथ्याची लेक झुंबर खांबाशी उभी होती. तिच्या घराण्याच्या सात पिढ्यांनी राजाचं वाहन हाकलं होतं, आणि बापाची कंबर आखडल्यापासून जीपही तीच चालवायची. तिला गाड्यांमधलं सगळं कळत होतं, फक्त तोंड आवरणं जमत नव्हतं.

"सिंहासनही वापरलेलंच आहे की, प्रधानजी," ती म्हणाली. "अकरा राजे बसून गेलेत!"

दरबारात खसखस पिकली. राजाच्या मिशा थरथरल्या.

"म्हणजे तुझ्या मते आम्ही ही मुकी गाडी घ्यावी?"

"होय, महाराज. आपलं राज्य तीन कोसांचं. तिसरा गिअर टाकला की सरहद्द येते! डिझेलची ताकद दाखवायची कुठं?"

झालं! राज्य लहान म्हटलेलं राजाला अजिबात खपत नसे. तो ताडकन उठला.

"पैज! आज सूर्य मावळायच्या आत 'मला डिझेल नको' हे शब्द माझ्या तोंडून काढून दाखव. पण दोन्ही गाड्यांबद्दल तू अवाक्षर काढायचं नाहीस. ना स्तुती, ना निंदा! हरलीस तर गाडीला हात लावायचा नाही. तू, तुझा बाप आणि पुढच्या सात पिढ्या माझी बदकं राखाल!"

बदकांशी तिचं काही वैर नव्हतं. पण दिवसातून एकदा स्टिअरिंग हातात आलं नाही तर तिला जेवण गोड लागत नसे. तिनं मुजरा केला आणि चौथ्या प्रहरी हायब्रीडचं दार उघडून उभी राहिली.

राजा धुसफुसत आत बसला. "अगं, सुरू कर की!"

झुंबरनं नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. राजानं खिडकीबाहेर पाहिलं तर राजवाडा मागे चालला होता.

वेशीवरचा पहारेकरी घोरत होता आणि त्याच्या भाल्यावर धोतर वाळत होतं.

"अरेच्चा! एरवी हा खांबासारखा ताठ असतो!" राजा पुटपुटला.

झुंबरनं ओठांवर बोट ठेवलं. गाडी तशीच अलगद पाराशी गेली. तिथं न्हावी राजवाड्याच्या माळ्याची दाढी करत होता. दोघांच्याही पाठी रस्त्याकडे होत्या.

"औंदा बागेतला हापूस कसा काय?" न्हाव्यानं विचारलं.

"लई गोड! पर महाराजांच्या ताटात पडंल तर ना. रोज ह्याच वख्ताला प्रधानजी झाडावर! जीपची धडधड ऐकली की सरसर खाली यायचे आन् महाराजांना सांगायचे, मोहोर गळाला. आता जीपच मेली. म्हनून तर नव्या गाडीला मोठा आवाज पायजे म्हनत्यात!"

राजाचे कान लालबुंद झाले. तीन वर्षं तो चैत्र-वैशाखात कैरीच्या लोणच्यावर दिवस काढत होता!

"बागेत घे!" तो दात खात कुजबुजला. "आत्ताच्या आत्ता! रंगेहाथ पकडतो!"

बाग राजवाड्याच्या मागेच होती. पण झुंबरनं गाडी अंगणात आणून थांबवली, खाली उतरली, आणि शेजारच्या डिझेल गाडीचं दार अदबीनं उघडलं.

"बसावं, महाराज."

"हिच्यात? आता?"

"न्याय सारखा हवा, महाराज. एक फेरी झाली, एक राहिली." आणि तिनं किल्लीला हात घातला.

"थांब! थांब!" राजा किंचाळला. "ही गुरगुरली की तो झाडावरून उतरेल! मला डिझेल नको!"

झुंबरनं किल्ली सोडली आणि नम्रपणे हात जोडले. राजानं एकदा सूर्याकडे पाहिलं. तो अजून चांगला हातभर वर होता.

"पैजेचं नंतर बघू!" राजा खाकरला. "आधी बाग!"

हायब्रीड सरकत सरकत हापूसच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. टप्! बॉनेटवर एक चोखलेली कोय पडली.

राजानं खिडकीतून मान बाहेर काढली. "काय प्रधानजी, मोहोर गळतोय वाटतं?"

वर फांदीवर प्रधानजी! दाढी पिवळीधमक, तोंडात अर्धा आंबा. "म... महाराज! मी फळं मोजतोय!"

"पोटात ठेवून?"

आणि राजाला असं हसू फुटलं की झाडावरचे आणखी दोन आंबे खाली आले. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि झुंबरकडे वळला.

"जिंकलीस, पोरी! आता बोलायची मुभा आहे. सांग, हीच गाडी का?"

"महाराज, डिझेलमध्ये बसलात की राजा कुठं आहे ते गावाला कळतं. हिच्यात बसलात की गावात काय चाललंय ते राजाला कळतं!"

राजा पुन्हा गडगडून हसला. झुंबरला त्यानं राजवाड्याच्या गाडीची किल्ली कायमची दिली, वर ते हापूसचं झाडही दिलं. बदकं प्रधानजींकडे गेली. आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत, जेव्हा राजाची स्वारी खरोखरच कोसभर आधी कळायला हवी, तेव्हा गाडीच्या पुढे प्रधानजी धावू लागले, तोंडानं "धडधड! धडधड!" असं ओरडत!