हिंदुराव पैलवानाचा खुराक

"...पण वस्ताद, तूप सोडलं तर मी पैलवान कसला ऱ्हायलो?"

हिंदुरावांनी हा प्रश्न तालमीच्या उंबऱ्यावरूनच विचारला. ऐंशी ओलांडलेले इलाही वस्ताद कुस्तीच्या हौद्याकाठी बसून अर्धी भाकरी दुधात कुस्करत होते. ते हसले.

"आधी टेक तरी, लेका. कोण म्हणतंय सोड म्हणून?"

"डॉक्टर. साखर लई वाढलीया. खुराक असाच चालला तर डोळं जातील म्हणत्यात. डाव्या डोळ्यापुढं आत्ताच धुकं येतंय."

"मग?"

"मग काय... ज्या खुराकानं मला गदा मिळवून दिली, त्यालाच लाथ मारू? बेइमानी न्हाई व्हय ही?"

हिंदुरावांची पंचेचाळिशी उलटली होती. लग्न झालं तशी कुस्ती सुटली. पुढं दुकान टाकलं आणि जोर-बैठकाही सुटल्या. तूप, बदाम, थंडाई मात्र विशीतल्याच मापानं चालू होती. कोल्हापूरकडच्या पैलवानांत ही चूक नवी नाही. घरचीही कौतुकानं वाटी भरत राहतात, आणि वाटीला नाही म्हणणारा पैलवान अजून जन्माला यायचाय.

वस्तादांनी शेवटचा घास खाल्ला आणि रिकाम्या वाडग्याला हात जोडले.

"एके काळी तुम्ही एका बैठकीत कोंबडं संपवायचा," हिंदुराव म्हणाले. "आता ही अर्धी भाकरी गोड लागती व्हय?"

"लई गोड. तवा पोट म्हणायचं, आण. आता म्हणतंय, बास. दोन्ही येळेला खरंच बोललं बिचारं. उपकारच की त्याचं."

"तुमचं वय झालं, वस्ताद. माझं कुठं झालंय? ह्या तालमीतलं कुठलंबी पोरगं आणा, आत्ता उचलून दावतो."

वस्ताद उठले. सावकाश हौद्यात उतरले, वाकून चिमूटभर तांबडी माती कपाळाला लावली.

"पोरं ऱ्हाऊ देत. ये, माझ्याशी धर."

"तुमच्याशी?"

"का? भ्यालास?"

हिंदुराव सदरा काढून उतरले. सलामी झाली. वस्तादांनी त्यांच्या मानेवर हात टाकला, तसा हिंदुरावांनी त्यांचा दंड धरला... आणि ते थबकले. कातडी सैल झाली होती, आतलं हाड हाताला लागत होतं. याच दंडानं त्यांना पोरवयात कितीदा आपटलं होतं, आणि प्रत्येक वेळी उठवून अंगावरची माती झटकली होती.

"लाव की जोर."

हिंदुरावांनी पकड सैल केली.

"अरं लाव! एवढं तूप खाल्लंस ते कशाला?"

हिंदुरावांनी जोर लावला नाही. म्हाताऱ्याचा तोल जाईल म्हणून एक हात त्यांच्या पाठीशी नेला, दुसऱ्यानं खांदा सावरला. मग हळूहळू त्यांना मऊ मातीवर बसवलं आणि स्वतः पायाशी बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही घडवलं मला, वस्ताद. तुमच्यावर जोर कसा लावू?"

वस्तादांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती जपून धरलंस रं मला," ते म्हणाले. "लई बरं वाटलं बघ... आता सोताला बी असंच धर."