भुशाचं कपाट

फार वर्षांपूर्वी एका लाकडाच्या वखारीत भुशाचा ढीग होता. त्यात साग, बाभूळ, आंबा, सगळ्यांचाच चुरा होता. "तू चुलीतच जाणार," सागाची फळी त्याला म्हणायची.

एकदा शाळेच्या कपाटासाठी शाळेपुढचं जांभळाचं झाड तोडायचं ठरलं. भुसा कळवळला. "सुतारदादा, झाड राहू द्या. माझंच कपाट करा!"

धर्माजी सुतार म्हणाले, "सरसात कालवून लोखंडाखाली दाबावं लागेल. पाण्यापासून जन्मभर जपावं लागेल. सोसशील?"

"सोसेन."

दाबाखाली कण कणाला बिलगला आणि रुंद, सपाट फळ्या झाल्या. त्यांचं कपाट वर्गात खिडकीपाशी उभं राहिलं. दुपारी जांभळाची सावली त्याच्या अंगावर हलकेच डुले, आणि कपाटाला वाटे, आपल्यालाच पानं फुटली आहेत.